कोरी पट्टी वाचा: पोस्ट-पंक आणि इंडी पॉपच्या विस्मृतीत गेलेल्या सिंगल्स

पंकच्या लगेच मागून आलेलं ते पोस्ट-पंक, छोट्या स्वतंत्र कंपन्यांनी काढलेलं ते इंडी. लंडनच्या डेस्परेट बायसिकल्स या बँडने 1977 साली डाल्स्टनमधला एक स्टुडिओ तीन तासांसाठी घेतला, दोन गाणी रेकॉर्ड केली आणि स्वतःच सात इंची सिंगल, म्हणजे एकेका बाजूला एक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, काढली. सगळा खर्च 153 पौंड. हा आकडा कुणा संशोधकाने शोधून काढलेला नाही. बँडनेच तो पुढच्या सिंगलच्या कव्हरवर छापला आणि वर वाचणाऱ्याला विचारलं, तुमची सिंगल अजून का नाही आली? पुढच्या वर्षी स्क्रिटी पोलिटी या बँडने पहिल्या सिंगलच्या कव्हरवर अख्खा जमाखर्चच मांडला: केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत 14 तासांचे 98 पौंड, 2,500 प्रती छापण्याचे इतके, कोऱ्या लेबलांवर मारायच्या रबरी शिक्क्याचे तितके. मँचेस्टरच्या बझकॉक्सची पहिली ईपी (सिंगलपेक्षा जास्त गाण्यांची छोटी रेकॉर्ड) तर त्याही आधीची, जानेवारी 1977 ची, उसन्या 500 पौंडांत काढलेली. तिच्या कव्हरवर कुठलं गाणं कितव्या टेकला जमलं तेही लिहिलेलं आहे.

या घरगुती कारभाराचे परिणाम आज शोधणाऱ्याला भोगावे लागतात. मोठ्या कंपनीकडे दप्तर असतं, टेपांची खोली असते, करारांच्या फायली असतात. इथे मास्टर टेप कुणाच्या तरी माळ्यावर राहिली, किंवा टेप महाग म्हणून तिच्यावरच पुढचं काही रेकॉर्ड झालं. बऱ्याच बँडच्या बाबतीत उरलीय ती फक्त रेकॉर्ड. त्यामुळे नेटवर कुणी काय लिहिलंय ते नंतर वाचा, आधी रेकॉर्ड वाचायला शिका.

सुरुवात कुठून करायची? बँडच्या नावाने शोधू नका, लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या नावाने शोधा. एका सिंगलनंतर फुटलेल्या बँडच्या मागे लागून हाती काही लागत नाही, पण लेबलचे कॅटलॉग नंबर ओळीने लावले की रिकाम्या जागा आपोआप दिसतात. ग्लासगोच्या पोस्टकार्ड लेबलच्या सिंगल्स अगदी मोजक्या आहेत: ऑरेंज ज्यूस, जोसेफ के, ॲझ्टेक कॅमेरा, ऑस्ट्रेलियातून आलेले गो-बिटवीन्स. ब्रिस्टलच्या सारा या लेबलने 1987 ते 1995 या काळात 1 ते 100 असे नंबर काढले आणि शंभराव्याला दुकान बंद केलं. त्यातही मेख अशी की सगळे नंबर रेकॉर्डचे नाहीत. काही नंबर हस्तलिखितवजा फॅनझिनना (चाहत्यांनी स्वतः काढलेल्या छोट्या मासिकांना) दिलेत आणि 50 नंबर चक्क एका बोर्ड गेमला. ‘सारा 50’ कुठली रेकॉर्ड म्हणून शोधत बसाल तर आयुष्य जाईल. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधलं फ्लाइंग नन हे लेबल 1981 चं. तिथे द क्लीन या बँडची पहिली सिंगल शंभर डॉलरपेक्षाही कमी खर्चात रेकॉर्ड झाली आणि देशाच्या विक्रीच्या यादीत एकोणिसाव्या क्रमांकावर गेली. 1982 साली याच लेबलने डनेडिनच्या चार बँडना एकेक बाजू देऊन दोन तबकड्यांचा संच काढला, तोही चार ट्रॅकच्या टीॲक मशीनवर रेकॉर्ड केलेला. एकच संच घ्यायचा तर हा घ्या. ज्यांना ब्रिटनमधल्या अगदी अनामिक, शे-पाचशे प्रतींच्या बँडमध्ये रस आहे त्यांनी मेसथेटिक्स ही संकलनांची मालिका ऐकावी. आवाज सगळीकडे सारखा नाही, पण दुसरीकडे कुठेच न सापडणारी गाणी तिथे आहेत.

आता ती कोरी पट्टी. शेवटच्या खाचेपासून मधल्या कागदी लेबलापर्यंतचा गुळगुळीत भाग, ज्याला डेड वॅक्स किंवा रन-आऊट म्हणतात. मोबाइलचा टॉर्च जवळजवळ आडवा धरा, रेकॉर्ड हातात हळूहळू फिरवा. सरळ वरून उजेड टाकला तर काहीही दिसत नाही. तिरपा पडला की कोरलेल्या रेघांना सावली येते. फोटो काढायचा तर पट्टीचे चार तुकडे करून चार फोटो काढा. एका फोटोत अख्खं वर्तुळ बसवायला गेलात तर अर्धी अक्षरं चमकेत हरवतात.

तिथे दोन प्रकारची अक्षरं असतात. हाताने कोरलेली थोडी वेडीवाकडी असतात. ती गाणं लॅकरवर, म्हणजे मऊ थर दिलेल्या मूळ चकतीवर, कापणाऱ्या इंजिनिअरने कोरलेली. साच्याने ठोकलेली एकसारखी आणि ठसठशीत असतात. ती बहुधा कारखान्याची. हाताच्या अक्षरात सहसा कॅटलॉग नंबर, बाजू आणि त्यापुढे कापणीचा क्रमांक असतो, म्हणजे A1 किंवा A2. ‘A PORKY PRIME CUT’ किंवा नुसतं ‘PORKY’, ‘PECKO’ दिसलं तर ती जॉर्ज पेकहॅमची कापणी. पोस्ट-पंकच्या असंख्य रेकॉर्ड्स त्याच्या हाताखालून गेल्या आणि त्या मोठ्या व स्वच्छ वाजतात. LYN आणि पुढे आकडा असेल तर लिनटोन. ही कंपनी फ्लेक्सीसाठी, म्हणजे पातळ, लवचिक प्लास्टिकच्या रेकॉर्डसाठी, प्रसिद्ध असली तरी छोट्या बँडच्या जाड सिंगल्सही तिने बऱ्याच छापल्या. MPO म्हणजे फ्रान्समधला कारखाना. ऐंशीच्या दशकात ब्रिटिश इंडी लेबलं तिथे माल छापून घेत. MAYKING दिसलं तर मधल्या दलालाचं नाव वाचताय, ते बँडचं नव्हे आणि स्टुडिओचंही नव्हे.

याचा उपयोग काय? एका लॅकरवरून धातूचे साचे होतात आणि त्यावरून प्रती निघतात. दोन प्रतींवरची कोरीव अक्षरं तंतोतंत सारखी असतील तर दोन्ही एकाच कापणीतून आलेल्या आहेत. कव्हरचा रंग बदललाय, लेबलवर पत्ता वेगळा आहे, दुसऱ्या आवृत्तीची किंमत पहिलीच्या चौथाईवर आहे, पण आतला आवाज तोच. ऐकायला घेत असाल तर बिनधास्त दुसरी आवृत्ती घ्या. पहिलीसाठी जादा पैसे मोजणं ही हौस आहे, त्याला माझी हरकत नाही, पण त्या जादा पैशांत जादा गाणं येत नाही. उलट, त्याच कॅटलॉग नंबरची प्रत असूनही कोरलेलं अक्षर बदललेलं असेल तर गाणं पुन्हा कापलंय. ते सुधारलंही असेल, बिघडलंही असेल. विकणाऱ्याकडून ध्वनिमुद्रित तुकडा मागवा.

बनावट प्रतीही बहुतेक वेळा इथेच पकडल्या जातात. ढळढळीत उदाहरण जॉय डिव्हिजन या बँडच्या 1978 च्या पहिल्या ईपीचं. सात इंचांच्या 1,000 प्रती, चार गाणी. दोन बाजूंवर एवढं कोंबल्यामुळे खाचा जवळ आल्या आणि आवाज दबला, म्हणून बँडने त्याच वर्षी तीच गाणी बारा इंचांवर पुन्हा काढली. मूळ सात इंचीला सोन्याचा भाव आला आणि नकलांचा सुळसुळाट झाला. नक्कल करणारा कव्हर स्कॅन करतो, लेबल छापतो, पण त्याच्याकडे मूळ लॅकर नसतं. तो छापील रेकॉर्डवरूनच आवाज उतरवतो. त्यामुळे पट्टी एक तर कोरी असते, नाही तर हस्ताक्षर जुळत नाही. वर पहिली खाच सुरू होण्याआधीच खरखर ऐकू येते आणि रेकॉर्ड धुतली तरी ती जात नाही, कारण ती दुसऱ्याच रेकॉर्डची खरखर असते! डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर बऱ्याच नोंदींखाली रन-आऊटची अक्षरं दिलेली असतात. विकणाऱ्याला ‘ही मूळ आहे का’ असं विचारू नका, कोण नाही म्हणेल? ‘दोन्ही बाजूंच्या कोऱ्या पट्टीवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं कळवा’ असं लिहा.

दुसरा प्रश्न आतल्या कागदांचा. सारा लेबलच्या सिंगल्स पातळ कागदाच्या घडीच्या कव्हरात, वर प्लास्टिकची पिशवी, आत पोस्टर किंवा छापील पानं अशा यायच्या. ऑरेंज ज्यूसच्या 1980 च्या पहिल्या सिंगलच्या सुरुवातीच्या प्रतींबरोबर एक फ्लेक्सी होती. हे कागद आधी हरवतात आणि किंमत बरीचशी त्यांच्यावर असते. यादीत ‘विथ इन्सर्ट’ म्हटलेलं नसेल तर इन्सर्ट नाही असंच धरून चाला. इंडीच्या नादात बऱ्याच मराठी घरांत पोहोचलेली एक सिंगल कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडची, आशा भोसल्यांवरची. तिच्यातही गोंधळ होतो. 1997 ची मूळ आवृत्ती वेगळी, 1998 मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेली, नॉर्मन कुक या डीजेने बदललेली वेगळी. मूळ संथ चालीची हवी असेल तर साल बघून घ्या.

विक्रेते यादीत लावतात त्या दर्जाच्या खुणांबद्दल थोडक्यात. VG+ म्हणजे हलके ओरखडे, आवाजात फारसा फरक नाही. VG (व्हेरी गुड) म्हणजे शांत जागी खरखर नक्की. G (गुड) चा अर्थ इंग्रजीत काहीही होवो, बाजारात तो ‘वाजते, पण सहन करावी लागते’ असाच आहे. बहुतेक विक्रेते नुसतं डोळ्यांनी बघून दर्जा लावतात. या संगीतात ते पुरत नाही, कारण झिजलेल्या सुईने शंभरदा वाजवलेली रेकॉर्ड आरशासारखी चमकू शकते आणि गायकाचा प्रत्येक ‘स’ फाटलेला निघतो. वाजवून बघितलीय का, एवढं विचाराच.

सात इंचीत शेवटच्या मिनिटाला आवाज फाटण्याचं कारण साधं गणित आहे. 45 च्या वेगाला बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण 39 सेंटिमीटर खाच जाते, आतल्या टोकाला साधारण 25. तेवढाच आवाज जवळजवळ दोनतृतीयांश जागेत. एका बाजूला चारेक मिनिटं आरामात बसतात. पाचच्या पुढे गेलं की कापणारा इंजिनिअर आवाज कमी करतो. झिजलेल्या प्रतीवर सुई बदलून बघण्यात अर्थ आहे. गोल टोकाची सुई खाचेच्या भिंतीला एका ठिकाणी टेकते, लंबगोल जरा वेगळ्या, मायक्रोलिनिअर (अगदी अरुंद कडांची) आणखी वेगळ्या. आधीच्या मालकाच्या सुईने जिथे खरवडलंय त्याच्या वर किंवा खाली टेकली तर आवाज आश्चर्य वाटावं इतका सुधारतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95 या कार्ट्रिजच्या (सुई धरणाऱ्या भागाच्या) मालिकेत एकाच बॉडीला या सगळ्या सुया बसतात, म्हणून ती सोयीची. तिच्या लंबगोल सुईला 2 ग्रॅम वजन द्या, 1.8 ते 2.2 चालतं. रेकॉर्ड जपायची म्हणून वजन कमी ठेवणं ही चुकीची समजूत. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

वेगाबद्दल एक सूचना, खास अमेरिकेहून परतताना टर्नटेबल घेऊन येणाऱ्यांसाठी. तिथे वीज 60 हर्ट्झ, आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये 50. जुन्या बेल्टच्या यंत्रांत एसी सिंक्रोनस मोटर असते आणि ती विजेच्या हर्ट्झवर चालते. अशा यंत्रावर इथे 45 ची रेकॉर्ड 37.5 ला फिरेल. 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून फक्त व्होल्ट बदलतात, वेग नाही. 50 हर्ट्झची पुली मिळते का बघा. डायरेक्ट ड्राइव्ह किंवा डीसी मोटरच्या यंत्रांना ही कटकट नाही. आणि वेग बरोबर असूनही गायक झोपेत गातोय असं वाटलं तर लेबल पुन्हा बघा. छोट्या लेबलांच्या रेकॉर्ड्सवर वेग छापायचाच राहून गेलेला असतो. बारा इंची ईपी 45 ची निघते, सात इंची 33 ची.

धुण्याचं मिश्रण: 900 मिलि डिस्टिल्ड वॉटर, 100 मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल, बिनवासाच्या भांडी धुण्याच्या द्रवाचे तीन-चार थेंब. बॅटरीत घालायचं पाणी दुकानात ‘डिस्टिल्ड’ म्हणून मिळतं, पण बाटलीवर डीआयोनाइज्ड किंवा डिस्टिल्ड असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. बोअरचं किंवा नळाचं पाणी वाळताना खाचेत क्षार सोडतं. आधी कोरड्या ब्रशने धूळ काढा, मग मिश्रण लावून मऊ मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेने फिरवा, आडवं कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. साबणाचा अंश राहिला तर पहिल्या दोन मिनिटांतच सुईवर पांढरा गोळा जमतो. उभी ठेवून सावलीत वाळवा, पंख्याखाली नको, पंखा नवी धूळ आणतो.

इथे पोस्ट-पंकची एक खास अडचण आहे. शिक्का मारलेली, टाइपरायटरने लिहिलेली, फोटोकॉपी चिकटवलेली लेबलं. शिक्क्याची शाई पाण्याचा एक थेंब लागला तरी पसरते. सात इंचीचं लेबल साधारण 9 सेंटिमीटर व्यासाचं असतं. तेवढ्या मापाची दोन प्लास्टिकची झाकणं कडेला रबर लावून दोन्ही बाजूंनी घट्ट धरली तर काम होतं. तशी सोय नसेल तर ओलं कापड पिळून फक्त खाचांवर फिरवा आणि बाकीची खरखर मान्य करा.

अल्कोहोल सगळ्यांना चालत नाही. न्यूझीलंडच्या जेराल्डिन गावात पीटर किंग पॉलीकार्बोनेटच्या चकत्यांवर एकेक प्रत प्रत्यक्ष कापून द्यायचे, त्यामुळे तिथल्या बँडनी वीस-पंचवीस प्रतींच्याही सिंगल्स काढल्या. असल्या लेथवर (कापणीच्या यंत्रावर) एकेक कापलेल्या चकत्यांना नुसतं डिस्टिल्ड पाणी, बाकी काही नाही. त्यांचा आवाज मुळातच बारीक असतो, त्याला घाण समजून घासत बसू नका.

आणि पिशव्या! ऐंशीच्या दशकातल्या जाड, वास येणाऱ्या पीव्हीसी पिशव्यांतून रेकॉर्ड आजच बाहेर काढा. पिशवीतलं मऊ करणारं रसायन वर्षानुवर्षं रेकॉर्डमध्ये उतरतं आणि दुधट डाग पडतो. तो वरचा थर नसतो, पृष्ठभागच बदललेला असतो. धुऊन जात नाही आणि वाजताना सतत ‘श्श’ ऐकू येतं. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या वापरा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तोंड बंद न करता, उभ्या ठेवा. बुरशी आधी कागदाला लागते, मग बोटांच्या ठशांवरून रेकॉर्डवर सरकते. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब असलं तरी बराच फरक पडतो.

फ्लेक्सी वाजवायची असते, फ्रेम करायची नसते. 1986 ते 88 या काळात शा-ला-ला या लेबलने फॅनझिनबरोबर वाटलेल्या फ्लेक्सी अजून चांगल्या वाजतात. नको असलेली सपाट एलपी खाली ठेवा, तिच्यावर फ्लेक्सी, लेबलच्या जागी पाच रुपयांचं नाणं. नाणं नसेल तर सुईच्या ओढीने कागदासारखं प्लास्टिक घसरतं आणि सूर लोंबकळतो. घडी पडलेली असेल तर घडीवर सुई जाऊ देऊ नका, दोन्हीकडचा भाग वेगळा रेकॉर्ड करून जोडा.

डिजिटल प्रत 24 बिटवर घ्या, 48 किंवा 96 किलोहर्ट्झ, सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील असा. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पण तिथलं ‘क्लिक रिमूव्हल’ अख्ख्या गाण्यावर चालवलंत तर या संगीताचा जीव जातो. कार्डिफच्या यंग मार्बल जायंट्सचा 1980 चा अल्बम घ्या. घरी बनवलेल्या रिदम मशीनची टिकटिक, तोडून वाजवलेला बास, मधे नुसती शांतता. सॉफ्टवेअरला ती टिकटिक म्हणजे रेकॉर्डवरचा ओरखडाच वाटतो आणि ते तालच पुसून टाकतं. कोरड्या स्नेअर ड्रमचं आणि खरवडून वाजवलेल्या गिटारचंही हेच होतं. त्यापेक्षा खरे ओरखडे एकेक करून ‘रिपेअर’ने काढा. ते एका वेळी 128 सॅम्पलपर्यंतच चालतं, म्हणजे तरंग पुरेसा मोठा करून नेमका काटा निवडावा लागतो. ओरखडा 45 च्या रेकॉर्डवर दर 1.33 सेकंदांनी परत येतो. तालाशी जुळत नसूनही नेमाने येणारी टिक दिसली की ती काढायची.

‘नॉइज रिडक्शन’ला हात लावण्याआधी एवढं ऐका: सळसळ गाणं सुरू व्हायच्या क्षणभर आधी येते आणि गाण्याबरोबर विरते का? मग ती मूळ टेपची आहे, राहू द्या. आधीच्या आणि नंतरच्या कोऱ्या जागेतही तशीच आहे? मग रेकॉर्डची आहे, धुवा. एफएलएसी (आवाज न घटवता साठवणारा फाइलचा प्रकार) म्हणून साठवा आणि कोऱ्या पट्टीवरची अक्षरं फाइलच्या माहितीत लिहून ठेवा, नाही तर दोन वर्षांनी कुठली प्रत उतरवली ते सांगता येत नाही.

कॅसेटचं वेगळं प्रकरण आहे, पण ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाची 1986 ची बावीस गाण्यांची कॅसेट किंवा तसलं काही हाती लागलं तर वाजवण्याआधी मधल्या उघड्या भागातून आत बघा. पितळी पट्टीवर फेल्टचा छोटा चौकोन असतो, तो चाळीस वर्षांत गळून पडतो. नसेल तर टेप हेडला टेकत नाही आणि आवाज दबलेला, लाटा मारणारा येतो. पाच स्क्रूच्या रिकाम्या खोक्यात दोन्ही रिळं हलवा. आवाज बोथट असेल तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवून झांजांची धार आणा, आणि काम झाल्यावर जागेवर परत न्या.

परदेशातून मागवताना विकणाऱ्याला तीन गोष्टी लिहा: रेकॉर्ड कव्हरातून काढून कव्हराच्या मागे ठेवा, नाही तर प्रवासात तिची कड पातळ कव्हर फाडते. दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठे लावा, त्यांच्या नाळ्या एकमेकींना काटकोनात. बाहेर किंमत खरी लिहा, खोटी लिहिली आणि पार्सल हरवलं तर भरपाई त्या खोट्या किमतीचीच मिळते. एप्रिल-मेमध्ये शक्यतो मागवू नका. 60 अंशांच्या पुढे तापलेल्या बंद गाडीत विनाइल वाकतं, आणि वाकलेली सात इंची दोन जाड काचांमध्ये महिनाभर दाबून ठेवली तरी बशीसारखा बाक क्वचितच पूर्ण निघतो.